अंजिराच्या झाडावरून

पहाटे चारला इन्कोरोनाता काथवट ओढते.
वरच्या खोलीत मला ऐकू येतं:
फरशीवर लाकूड, मग थोडी उसंत,
मग रव्याच्या पिठाला पाण्याचा पहिला घोट.
कालचं आंबवण तिनं लोकरी शालीत गुंडाळून
रात्रभर उशाशी ठेवलेलं असतं,
ताप आलेल्या पोरासारखं.

मी या उन्हाळ्यापुरती तिची भाडेकरू.
गावाबाहेर, गहू कापून नेलेल्या रानात
आम्ही एक खंदक उपसतोय, सात हजार वर्षांचा.
तळाशी एक बाई, गुडघे पोटाशी घेऊन.
क्रमांक अकरा. वय पस्तीस ते चाळीस.
दात झिजलेले, पाट्याची कच खाऊन खाऊन.
कपाळाच्या डाव्या अंगाला तडा.

"ओली असताना फुटली, की वाळल्यावर?"
इन्कोरोनाता विचारते. मी चमकून बघते.
ती कालचा पाव पुढे ओढते.
हा काप माझा, भट्टीत जाण्याआधीचा,
कडा बघ कशा ओठासारख्या उलटल्यात.
ही भेग आगीची, हिच्यात माझा हात नाही.
आणि हा तडा सावेरियोनं आपटला तेव्हाचा,
पाव गार झाला होता, म्हणून नुसता भुगा.
मला हे कळायला चार वर्षं लागली होती
आणि बरीचशी फी.

मग मी तिला हाताचं सांगते.
अकरा नंबरच्या डाव्या हाताचं, कोपर ते मनगट,
दोनातलं एकच हाड मोडून पुन्हा सांधलेलं.
पडणारा माणूस तळहात टेकतो, मोडतं ते मनगट.
मध्येच मोडलेलं एकटं हाड बहुधा
डोक्यावर आडवा धरलेल्या हाताचं.
पुस्तकात असं लिहिलंय.
पुस्तकात हेही लिहिलंय की नक्की सांगता येत नाही.

"म्हणजे कुणीतरी तिची कणीक तिंबली,"
ती म्हणते, कणीक तिंबता तिंबता.
"की अंजिराच्या झाडावरून पडली असेल?"
असेलही, मी म्हणते.
"आमच्याकडे बायका
अंजिराच्या झाडावरून फार पडायच्या."

जुलै आहे. दक्षिणेचा वारा दारं भाजतोय.
तिच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावलेल्या.
गोळा उलटवताना पीठ लागू नये म्हणून
ती एकच बाही वर सारते, डावी,
आणि जिथं सांधा नाही तिथं
तिचा हात किंचित वळतो.

मी बघते. बघणं हाच माझा धंदा.
खिडकीतून परसातलं झाड दिसतं,
माझ्या खांद्याइतकं उंच, त्याहून नाही.

गोळ्यांवर ती शिक्का दाबते,
लाकडी, मुठीला कोंबड्याची आकृती,
तळाला दोनातोच्या नावाची दोन अक्षरं.
चौकातल्या भट्टीत आपला पाव ओळखू यावा म्हणून.
दोनातोला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
नवा का करून घेत नाहीस, मी विचारत नाही.
तीही सांगत नाही. फळी डोक्यावर घेते,
उंबऱ्यात थबकते,
आणि पाठमोरीच म्हणते:
"सहा आठवडे मी एका हातानं मळत होते.
काथवट नणंद धरायची.
तिच्या भावाला माहीत नव्हतं."

संध्याकाळी मी अहवाल भरते.
हाड सरळ बसलेलं; कुणीतरी कामट्या बांधल्या असाव्यात.
बरं होईपर्यंत तिला कुणीतरी भरवलं असावं.
कपाळाचा घाव नंतरचा, न भरलेला.
"कारण" या रकान्यात मी "अनिश्चित" लिहिते,
खोडते, पुन्हा "अनिश्चित" लिहिते.

पाव येतो. साल जाड, काळपट, आत मधासारखा पिवळा.
मी सुरी घेते आणि न ठरवता
त्या दोन अक्षरांच्या बरोबर मधून चालवते.
इन्कोरोनाता सुरीकडे बघते, मग माझ्याकडे.
"तेल घे," ती म्हणते, "कोरडा नको खाऊस."